सकाळी अकराचं ‘वेंट डार्क’

लंडन,
४ मार्च १९७४

ती. विल्फ्रेडमामास,
हेस्टरचे सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, आईचा गुडघा सोडला तर तीही. पत्र कामाचं आहे, पण कंटाळू नकोस. शब्दकोशाच्या कचेरीत मला एकच क्रियापद दिलंय, ‘गो’. मला वाटलं, जाण्यात काय एवढं? दोन दिवसांचं काम. आज पाचवा आठवडा चालू आहे.

गंमत बघ. केस पिकले की आपण ‘गो ग्रे’ म्हणतो, टक्कल पडलं की ‘गो बॉल्ड’, दूध नासलं की ‘गो सावर’, डोकं फिरलं की ‘गो मॅड’. कुणी कुठे जात नाही, तरी सगळे जातात, आणि बहुतेक वाईटाकडेच. पण श्रीमंत झाला माणूस, तर ‘गेट रिच’. बरा झाला, तर ‘गेट बेटर’. इथवर ठीक. मग म्हातारा झाला की ‘गेट ओल्ड’ का? म्हातारपण काय चांगलं असतं? आमच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की तसंच म्हणतात. हे काय उत्तर झालं?

तू मासळीची मोटार घेऊन गावोगाव हिंडतोस, तुझ्या गाडीभोवती अर्धं यॉर्कशायर बडबडत असतं. ऐकशील तसं लिहून पाठव. फक्त प्रत्येक चिठ्ठीवर कोण बोललं, कुठे आणि किती वाजता, हे हवंच. त्याशिवाय साहेब चिठ्ठी घेत नाहीत.

मॉडमामी गेल्यापासून तू नीट जेवतोस का, हे दर वेळी टाळतोस. या वेळी लिही. लोभ आहेच, तो मासळीइतकाच ताजा राहू दे.

तुझी,
हेस्टर

•

व्हिटबी,
११ मार्च १९७४

चि. हेस्टरला मामाचे अ. आ.

जेवतो. झालं समाधान?

एवढी शिकलीस आणि शेवटी ‘गो’वर येऊन अडलीस, म्हणजे कमालच झाली. असो. चौदा चिठ्ठ्या सोबत आहेत. माझ्या गिऱ्हाईक एगारबाईंचं दूध ‘गो सावर’, त्यांच्या सुनेचा शिळा पाव ‘गो स्टेल’. नेड पायबसचा घोडा ‘गो लेम’. तो घोड्याबद्दल बोलत होता, पण लंगडत स्वतःच होता. मी कॉडच्या जागी हॅडॉक दिला तेव्हा बायका एकदम गप्प झाल्या, ते ‘वेंट क्वायट’. आता मासा मासा आहे, माझी चूक झाली, त्यात एवढं काय? ‘गो बॅड’ मात्र माझ्या गाडीवर ऐकायला मिळणार नाही, तसं तुझ्या साहेबांना कळव.

एक चिठ्ठी माझीच आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, ग्रोमंटच्या वळणावर, ‘इट वेंट डार्क’. बोलणारा मी, ऐकणारं कुणी नाही. जरा थांबलो, मग निघालो. चालत असेल तर घे.

म्हातारपणाचं मला विचारशील, तर ते हळूहळू येतं, आपण त्याच्याशी भांडत भांडत ते घेतो. म्हणून ‘गेट’. दूध भांडत नाही. एगारबाईंच्या फाटकाचा खांब माझ्या गाडीला लागला, तेव्हा तोही भांडला नाही. खांब चुकीच्या जागी आहे, हे मी त्यांना वर्षभर सांगतोय.

आईला आशीर्वाद सांग. तुझा राग आणि लोभ दोन्ही पोचतात, पाठवत जा.

मामा

•

लंडन,
१४ मार्च १९७४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं ‘भांडत घेतो’ मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. इतकं कौतुक मला पाच आठवड्यांत मिळालं नाही.

मग मी तुझ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि त्या एका चिठ्ठीवर अडले. आधी निव्वळ कुतूहल म्हणून. संध्याकाळ होते तेव्हा आपण ‘गेट डार्क’ म्हणतो. अंधार हळूहळू येतो, दिवे लावायला वेळ मिळतो. ‘वेंट डार्क’ कधी म्हणतो? दिवा फुटला, वीज गेली, कुणी पडदा ओढला, तेव्हा. हा फरक मला फार आवडला. अर्ध्या पानाची टीपही लिहिली. आणि मग वेळ वाचली.

मामा, सकाळी अकरा वाजता, उघड्या रस्त्यावर, कुणी दिवा मालवला?

तू खोटं बोललास असं मी म्हणणार नाही. सगळं खरं लिहिलंस, वार-वेळेसकट. हॅडॉकसुद्धा लिहिलास, खांबसुद्धा. चाळीस वर्षं मासे विकून कॉड आणि हॅडॉक ओळखू न येणारा माणूस मी पाहिलेला नाही. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, ठिणग्या दिसत असतील किंवा पडदा सरकल्यासारखं होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. मला फार भीती वाटते आहे. सुट्टी सोमवारची मिळाली, दुपारच्या गाडीने येते. तोवर मासळीची गाडी काढू नकोस, तुला मामीची शपथ.

लोभ वगैरे तिथे आल्यावर बोलू.

हेस्टर

•

व्हिटबी,
१५ मार्च १९७४

चि. हेस्टरला अ. आ.

सकाळी तुझं पत्र आलं आणि मी चिडलो. ‘गेट’ काय, ‘वेंट’ काय, मी अडाणी माणूस, हाताला येईल ते लिहिलं, असं उत्तर लिहायला घेतलं होतं. मॉड गेल्यावर या घरात माझ्याशी कोण बोलतं? गुरुवारी आणि शुक्रवारी अकरा गावं बोलतात. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. गाडी गेली की मी गेलो, हे तुला लंडनमध्ये बसून कळणार नाही, असंही लिहिलं.

ते पत्र फाडलं आणि तुझं न ऐकता गाडी काढली. उजव्या डोळ्यावर खालून पडदा चढला. एगारबाई रस्त्यात मासळीचं भांडं हलवत उभ्या होत्या, मला दिसल्याच नाहीत. त्यांनी भांडं गाडीच्या पत्र्यावर आपटलं, तेव्हा कळलं. वीतभर अंतर होतं. बाईंनी दार उघडून मला खाली उतरवलं.

गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो. हे डाव्या डोळ्याने लिहितोय. सोमवारची वाट बघू नकोस. लवकर ये.

मामा

•

व्हिटबी,
२० एप्रिल १९७४

चि. हेस्टरला मामाचे अ. आ.

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. उजव्या डोळ्याला उजेड आणि काळोख एवढंच कळतं, तेवढ्यावरच तो राहील. डाव्या डोळ्यातला पडदाही फाटायला लागला होता, तो वेळेवर शिवला गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस गेले असते तर दोन्ही गेले असते. एका डोळ्यावर पुढेमागे गाडी चालवता येईल, असंही म्हणाले. मी नको म्हटलं. किल्ली नेडच्या मुलीला, आयरीनला दिली. गुरुवारी मी तिच्या शेजारी बसतो आणि मासा हाताने चाचपून देतो. ती फार जोरात वळणं घेते, आणि मी ओरडलो की मलाच हसते. बायका आता माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

एक चिठ्ठी राहिली होती. पट्टी सोडली त्या सकाळी आधी धूसर दिसलं, मग तुझी हनुवटी दिसली, आमच्या आईचीच. मी रडलो, तू बघितलंसच. तू डॉक्टरांना बोलवायला गेलीस तेव्हा नर्सबाई हसून म्हणाल्या की आजोबा ‘गो सॉफ्ट’ झाले, मऊ पडले. मासळीवाल्याला यापेक्षा वाईट शिवी नाही. मऊ पडलेला मासा मी आयुष्यभर समुद्रात फेकला आहे.

पण हेस्टर, त्यांनी ते वाईट म्हणून म्हटलं नव्हतं, आणि मलाही वाईट वाटलं नाही. तुझ्या साहेबांना विचार, हे कुठल्या बाजूला ठेवायचं. सकाळचे दहा, इस्पितळातली खाट, बोलणाऱ्या नर्सबाई, आणि ज्याच्याबद्दल बोलणं झालं तो मी.

मामा