झाडपाल्याची झोप

ता. ९ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

पार्सल मंगळवारी मिळालं. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडची थंडी ओसरली. मी शिवणाच्या कामावर पुन्हा जाऊ लागले आहे. शाळेचे गणवेश आलेत, मान वर करायला फुरसत नाही.

अश्वगंधेची बाटली इतकी नीट बांधली होतीत की एकही कॅप्सूल फुटली नाही. "झाडपाल्याचं आहे, बिनघोर घे," असं तुम्ही म्हणालात. पण माझ्या थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून आधी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवली.

"काकू, झाडपाला म्हणजे कोथिंबीर नव्हे," तो म्हणाला. "तुमच्या गोळ्यांबरोबर हे आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. झोप कधीपासून लागत नाही?"

"लागते की."

"मग ही कुणासाठी?"

मागे उभ्या असलेल्या बाई हसल्या. मी बाटली पिशवीत टाकली आणि घरी आले.

ताई, फोनवर तुम्ही दर वेळी म्हणता, "वहिनी, तुझा डोळ्याला डोळा लागत नसेल गं," आणि मी "हं" म्हणते. तेवढ्या एका "हं"वर तुम्ही दुखरे गुडघे घेऊन दुकानात गेलात. आता रात्री माझ्याशेजारी जागायला येऊन राहायचं म्हणताय. म्हणून लिहायलाच हवं.

ह्यांचा दमा वाढल्यापासून आम्ही मनगटांना नाडी बांधून झोपायचो. एक टोक त्यांना, एक मला. हाक मारण्याइतका दम पुरायचा नाही, म्हणून ही युक्ती. नाडी माझ्या परकराची. ओढली की मी उठून पाठीशी उशा लावायची. वर विचारायचे, "झोपली होतीस?" मी म्हणायची, "छे, नाचत होते." हसले की ढास लागायची, मग मीच जीभ चावायची. कैक वर्षं असंच चाललं.

ते गेले त्या रात्री जाऊबाईंनी मला आडवं केलं, आणि मी झोपले. गाढ. तुम्ही पलीकडच्या खोलीत रडत होतात हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. मला भोवळ आली असं तुम्हाला वाटलं, मी तसं वाटू दिलं. तेव्हापासून अंथरुणाला पाठ टेकली की झोपते. बहीण टिपं गाळते आणि बायको घोरते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण मला दुःख कमी आहे असं समजू नका. जागं राहणाऱ्याला ते ठाऊक असतं. मी झोपेत विसरते. जाग येते तेव्हा अंग हलकं असतं, क्षणभर बरं वाटतं, आणि मग कळतं. रोज नव्याने कळतं.

रागावलात तरी या. आणि फोन करायचा झाला तर रात्रीचा नको, सकाळी करा.

तुमची
वहिनी