दादाची सही आणि बँकेची तडजोड

१२ फेब्रु.
बँकेची नोटीस आली. लोकअदालतीत या, तडजोड करू म्हणे. एम्ब्रॉयडरी मशीनच्या कर्जातलं निम्मं सोडतील, उरलेलं एकदम भरायचं. ह्यांना वाचून दाखवलं, तर किती दिवसांनी पोटभर जेवले. वडवणीतल्या बायका आता ब्लाऊज मोबाईलवरनंच मागवतात, मशीनचा तरी काय दोष.

१५ फेब्रु.
वकीलबाईंकडे गेलते. बाई लई सरळ बोलते. तडजोड झाली की प्रकरण मिटलं, अपील नाही. पण कर्जाच्या नोंदीत 'फिटलं' न लागता 'सेटल्ड' लागतं, ते कैक वर्षं जात नाही. म्हटलं लागू दे, मला कुठं विमान घ्यायचंय.
"जामीनदाराच्याही नोंदीत दिसतं, ताई. जामीनदार कोण हाय?"
दादा.
मशीनचं कर्ज काढलं त्या भाऊबीजेला मीच म्हटलं होतं, साडी नको, जामिनाची सही घाल ओवाळणीत. कागद ताटात ठेवला. वहिनीसकट सगळे हसलो, दादानं हसत सही केली. वाचलं कुणीच नाही.

१८ फेब्रु.
दिंद्रुडला जाऊन दादाला सगळं सांगितलं. पूजाला, त्याच्या पोरीला, नर्सिंगला नंबर लागलाय. शिक्षणाचं कर्ज दादाचीच नोंद बघून मिळणार. माझ्या तडजोडीनं ते अडेल.
तो म्हणाला, "तू मोकळी हो बाई. पोरीचं बघू कायतरी."
असा राग आला त्याचा! एकदा तरी भांडावं माणसानं. येताना एसटीत तोंडाला पदर लावून बसले.

२१ फेब्रु.
वकीलबाईंनी दुसरी वाट सांगितली: हप्ते लांबवून घ्यायचे, सगळं फेडायचं. त्याचीही नोंद होते, पण 'सेटल्ड'इतकी वाईट नाही. म्हणजे अजून पाच-सहा वर्षं ओढायचं. ह्यांना सांगितलं.
"तुझा भाऊ माझा कुणी न्हाई का?" एवढंच बोलले आणि चहा ठेवायला गेले. साखर विसरले. मी तसाच प्यायले. लई जीव आला ह्यांच्यावर.

२७ फेब्रु.
बँकेतले साहेब म्हणाले, हप्ते लांबवायचे तर वरून मंजुरी लागते. अर्ज दिलाय. आठ मार्चच्या लोकअदालतीआधी आली तर बरं, नाहीतर तडजोडीची ही सवलत परत मिळेलच असं नाही. रोज मोबाईल बघते.

८ मार्च
कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. मंजुरी आली नाही. ह्ये आत साहेबांना शेवटचं विचारायला गेलेत. दादा पहिल्या गाडीनं आला, पूजाला घेऊन. पोरीनं भाकरी बांधून आणलीय माझ्यासाठी.
म्हणाली, "आत्या, तू तडजोडीवर सही करून टाक. मी थांबते एक वर्ष." वर्षानं ती नोंद जात नाही, हे पोरीला ठाऊक नाही.
डोळ्यात पाणी नाही, काही नाही. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. लहानपणी झोपायची तशीच, तोंड उघडं.
आमचं नाव पुकारलं. उठायचं तर आधी हिला जागं करावं लागेल.