अस्वलाची बोली

रविवार, संध्याकाळ. भंडारा

“अस्वल आपल्यावानीच बोलते, त्याले कायले भेतेस?” लहानपणी सिहोऱ्याच्या घरी मला गोष्ट वाचून दाखवताना आई म्हणाली होती. पुस्तकातलं अस्वल शुद्ध बोलायचं. आई वाचता वाचता त्याला आमची बोली द्यायची.

आज त्याच अस्वलाचा सिनेमा पाहिला. आई, मी आणि माझी लेक मनू. सिनेमात माणसं सगळी शुद्ध बोलतात. अस्वल मूर्ख दाखवलंय, म्हणून ते तेवढं आमच्या झाडीबोलीत. “मले भूक लागली” म्हटलं की सगळं थिएटर हसायचं. भंडाऱ्याचं थिएटर, आपलेच लोक! मनू तर ओरडलीच, “आजी, हा सेम तुझ्यासारखा बोलून राहिला!”

आईपण हसली. थोडंसं.

 घरी आल्यावर म्हणाली, “मला पाणी दे.” मला! जन्मभर ‘मले’ म्हणणारी बाई. जेवताना पुन्हा, “मला भात नको.” एकेक शब्द जपून, परक्याच्या घरी बसल्यासारखी. मनूच्या लक्षातही आलं नाही. पण मी काहून गप्प बसले?

आता ती आत एकटीच बसली आहे. नाहीच म्हणेल, तेही शुद्ध भाषेत. तरी जाऊन म्हणते, “आई, माह्यासंग तरी आपल्या बोलीत बोल.”