झापाखालची दिवाळी

भांडी दिलीत, उखळ दिलंत, कमरेचं दुखणंसुद्धा दिलंत, पण तुमचा धाक तेवढा स्वतःबरोबर घेऊन गेलात. ही कुठली रीत? तुम्ही अंगणात नुसत्या खाकरलात तरी चार घरांतली पोरं फुलबाज्या पाठीमागे लपवायची. मी घसा फोडून ओरडते, तर माझा पोटचा मुलगा म्हणतो, "आये, जरा हळू, पावणे ऐकतत." म्हणून ही तुमची सून लिहायला बसली आहे, आई. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर कुर्लीच्या चालीचं, खेकड्यासारखं तिरकं, आणि तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं. लिहिणारी अशी आणि वाचणारी तशी. त्यातून तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ह्या नातवाचं लग्नही तुम्ही बघितलं नाहीत. असू दे. जिवंत माणसांना तोंडाने सांगून काय उजेड पडला तो बघितला.

आपल्या घरावर कौलं नव्हती तेव्हाची दिवाळी मला अजून दिसते. माडाची चुडतं विणून केलेले झाप, छपराला झाप, कुडाला झाप, जाळी ठेवायचा मांगर तोही झापाचाच. वाडीत एका घरावर ठिणगी पडली तर शेवटच्या घराने भांडी बाहेर काढायला घ्यावी, अशी गत. दिवाळी जवळ आली की तुमचा हुकूम सुटायचा. फटाके नरकचतुर्दशीच्या पहाटे, आणि तेही खाली ओल्या रेतीत. पहाटे मतलय असतो, जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा. ठिणगी उडालीच तर दर्यात पडेल, आणि दर्याचं काय जळतंय? दुपारनंतर वारा फिरतो, दर्यावरून घरांकडे येतो, तेव्हा कोणी काडीसुद्धा ओढायची नाही. दारात भरलेल्या कळशा असायच्या, त्यातलं पाणी देवालासुद्धा नाही. सुकत घातलेली जाळी उचलून लांब. आणि छपराचे झाप सुंभाने सुरगाठीत बांधलेले, एक हिसडा दिला की झाप खाली यावा. पेटलेल्या झापावर पाणी ओतत बसायचं नाही, झापच खाली ओढायचा, हे तुम्ही मला शिकवलंत. शिकवलंत म्हणजे काय, शिव्या घालून डोक्यात कोंबलंत.

एकदा संध्याकाळी हाच तुमचा नातू फुलबाजीसाठी रडत होता. जेमतेम चालायला लागलेला. रडून रडून निळा पडला. मी म्हटलं, एक फुलबाजी, दोन चिमटीत धरून, काय होणार आहे? पेटवली. तुम्ही विहिरीकडून येत होतात. कळशी खाली न ठेवता आलात, माझ्या हातातली फुलबाजी हिसकलीत आणि मातीत खुपसलीत. "गो, हात मोडले काय तुझे? वारो खंयसून येता ता बघूक नको?" मी म्हटलं, पोर रडतंय. "रडांदे. रडान कोण मराक नाय." शेजारणी बघत होत्या. मला एवढी लाज वाटली आणि एवढा राग आला की रात्री मी तुमच्या ताटात आमटीचं नुसतं पाणी वाढलं. तुम्ही ते भुरकून प्यायलात आणि वर म्हणालात, "आज आमटी हलकी झाली." दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हीच पोराला काखेला मारून पाण्याच्या कडेला गेलात. मी लांबून बघते आहे, तुम्ही पाठ घराकडे करून उभ्या आहात, फुलबाजी पेटवता आहात, आणि तो हसतोय. मला हाक मारली नाहीत ती नाहीच.

मग कौलं आली. तुमच्या डोळ्यांदेखत आली, तुम्ही हात लावून बघितलीत. झापाखालून कौलांखाली यायला आपण अर्धा जन्म घातला. कौलं आली आणि लोकांची भीती गेली. संध्याकाळी फटाके, तुळशीच्या लग्नाला फटाके, गणपती आणताना फटाके, क्रिकेट जिंकले तर फटाके. कौलावर पडलेला फटाका गडगडत खाली येतो, पोरं हसतात. इथवर मी गप्प होते. आता पुढचं ऐका आणि डोकं धरा. तुमच्या नातवाने दर्याच्या तोंडावर झापाच्या दोन खोल्या बांधल्या आहेत. पावण्यांसाठी. पुण्या-कोल्हापूरची माणसं दिवाळीच्या सुट्टीत येतात आणि पैसे मोजून झापाखाली निजतात. फोटो काढतात. एक बाई मला म्हणाली, "किती छान ना आजी, तुम्ही असेच राहायचात!" मी म्हटलं, बाय, पावसात गळायचं तेव्हा ये.

झाप परत आले, पण झापाबरोबरची अक्कल परत आली नाही. बांधायला सुंभ नाही, तार. म्हणे तार टिकते. सरकारी माणूस सांगून गेला म्हणून मुलाने आग विझवायचं लाल नळकांडं आणलं, ते पडवीत खिळ्याला टांगलं. दसऱ्याला होडीची पूजा झाली, इंजिनाची झाली, कोयत्याची झाली, तशी त्याचीही झाली. कुंकू, झेंडूची माळ, आंब्याची डहाळी. दर दसऱ्याला जुन्या माळेवर नवी माळ. चालवून कोणी बघितलं नाही. मी एकदा विचारलं, रे, हे उघडतं कसं? तर म्हणतो, "आये, त्याका हात लावू नको, वाया जायत."

गेल्या दिवाळीत संध्याकाळी वाळूत पावणे जमले. मुलाने रिकाम्या बाटल्या रोवल्या, बाण लावले. वारा सरळ दर्यावरून, माझा पदर घराकडे उडतोय. मी म्हटलं, पहाटे उडव, काय ते उडव, पण आत्ता नको. "आये, पावणे पहाटे उठतले? ते हंय झोपूक येतत." सगळे हसले. विनोद चांगला होता, मी कबूल करते. तिसरा की चौथा बाण वाऱ्याने वळला आणि पहिल्या खोलीच्या छपरावर जाऊन बसला. आधी नुसता धूर. पावण्यांना वाटलं हाही फटाक्याचाच प्रकार, एकाने टाळ्या वाजवल्या. मुलगा नळकांड्याकडे धावला. माळांचे दोरे कडीत अडकलेले, तिच्यातली ओढायची खीळ खाऱ्या हवेने गंजून घट्ट झालेली. तो ओढतोय, झेंडू गळतायत, नळकांडं ढिम्म. मी ओरडत होते, "झाप ओढा! झाप खाली ओढा!" ओढणार कसे, तार! आणि तेवढ्यात एका बाईने किंकाळी फोडली. तिची पोरगी आत निजली होती.

माझी सून आत गेली. तशी ती आळशी, तुमच्यापुढे एक दिवस टिकली नसती. पण त्या दिवशी तिने कोणाला विचारलं नाही, पायाने दार ढकललं आणि चादरीसकट पोर उचलून आणलं. मुलाने नुसत्या हाताने तार ओढली, उजव्या हाताची सालपटं निघाली. शेजारच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या दोघा रापणकरांनी कोयत्याने वासे तोडले आणि छप्पर आडवं करून वाळूत लोळवलं, म्हणून दुसरी खोली आणि आपलं घर उरलं. ती पोरगी डोळे चोळत मला विचारते, "आजी, अजून एक बाण आहे?" तिच्या आईने तिला उचललं. सामान गाडीत टाकलं आणि पुरता अंधार पडायच्या आत गेली. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग शाळेत सभा झाली. तालुक्याहून एक तरुण साहेब आला, पोरगा चांगला होता, खोटं बोलला नाही. कोणीतरी विचारलं, "बंबाचो नंबर काय, साहेब?" त्याने नंबर फळ्यावर लिहिला आणि म्हणाला, "नंबर पाठ करा, पण हेही लक्षात ठेवा. तुमची पाणंद अरुंद आहे, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. बंब आला तरी वळणार कुठे? पहिला वेळ तुमचा तुम्हालाच निभवायचा आहे." छपरापासून लांब उडवा, म्हणाला. पाणी आणि वाळू आधी भरून ठेवा, रॉकेलचे डबे हलवा, आग विझवायचं यंत्र दर वर्षी तपासून घ्या. आणि फटाके उडवताना एका माणसाने काहीही न उडवता नुसतं लक्ष ठेवायचं. तो माणूस कोण, असं त्याने विचारलं तर सगळ्या वाडीने माझ्याकडे बघितलं. "म्हातारी रिकामीच आसा!" पुन्हा हशा. टाळ्या, चहा, बटाटावडा, आणि सगळे घरी. गडग्याचा एक चिरा कोणी हलवला नाही.

आता दिवाळी पुन्हा आली. जळलेल्या खोलीवर नवे झाप चढले आहेत. मी सुंभ वळून दिला होता, तो मुलाने गाईला बांधला. छपराला तारच. नळकांडं धुऊन पुसून परत खिळ्याला, तपासायला नेलेलं नाही. बाण आणले आहेत, मागच्यापेक्षा मोठे. मी म्हटलं, तुझा हात बघ. त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "एकदाच झाला ता. दर वर्षी होता काय?" तुमच्यासमोर हे वाक्य त्याच्या तोंडातून निघालं असतं का? तुम्ही त्याच्या गालावर उत्तर काढलं असतंत. मला तो दोन घास जास्त वाढतो, औषधाला नेतो, आणि ऐकत काही नाही. अशा मुलाशी भांडायचं कसं, तेही तुम्ही शिकवलं नाहीत.

काल दुपारी फोन वाजला. मी जवळ होते म्हणून उचलला. बाईचा आवाज. भाऊबीजेला येतो म्हणाली, झापाचीच खोली हवी, मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला फटाके फार आवडतात. मग जरा थांबून म्हणाली, "आजी, लहान मुलांसाठी सगळं सुरक्षित आहे ना तिथे?" माझा मुलगा समोरच जेवत होता. हातातला घास तसाच धरून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. माझ्या तोंडातून हो निघालं नाही. नाहीही निघालं नाही. मी म्हटलं, मालक घरात नाही, रविवारी फोन करा. आणि ठेवला. तुमच्या फुलबाजीवर मी इतकी वर्षं राग धरला, आणि माझी पाळी आली तेव्हा जेवणाऱ्या मुलासमोर मला एक खरा शब्द बोलवला नाही. एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी एवढी पानं खरडली. ही टाकायला कुठे पेटी नाही, आणि वाचून दाखवायला तुम्ही माझ्या सुनेला सांगाल तर तीही हसेल.

रविवारी फोन वाजेल. मी उचलणार नाही. सुनेला ताकीद दिली आहे, तीही उचलणार नाही. वाजून वाजून घर डोक्यावर घेतलं तरी चालेल. तुमच्या नातवाने उचलायचा, उजव्या हाताने, आणि त्या बाईने विचारलं त्याचं उत्तर त्यानेच द्यायचं.