तोंडी लढतीच्या बारा फेऱ्या

४ मार्च

आजपासून रोज दुपारी एक फेरी! दोन म्हाताऱ्यांना खूळ लागलंय आणि पंच कोण, तर मी. माझ्या कॉलरी शिवून व्हायच्यात, त्याचं कुणाला काय!

बाबा आणि खालच्या मजल्यावरचे घणकाका, दोघेही एकेकाळचे हेवीवेट बॉक्सर. वस्ताद एकच. बाबांना कुणाचा ठोसा लागायचा नाही आणि काकांचा लागला की समोरचा उठायचा नाही. दोघांची लढत ठरली होती, पोस्टरंसुद्धा लागली होती. झालीच नाही. कोण जिंकलं असतं यावर तीस वर्षं वाद चाललाय. आता काकांची फुप्फुसं संपत आली. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. म्हणून ही तोंडी लढत. काका खाटेवर, बाबा खुर्चीत, गजराचं घड्याळ तीन मिनिटांवर.

पहिली फेरी. काका — "डावा, जबड्यावर!" बाबा — "मी तिथे नाहीच!" बाबा १०, काका ९.

५ मार्च

दुसरी. काकांचा डावा बरगडीकडे. बाबा सरकले. बाबांचीच.

८ मार्च

पाचवी. काकांनी बाबांना कोपऱ्यात कोंडलं. डावा हुक, परत डावा! बाबा दोरांना घासून निसटले. "म्हाताऱ्या, पाय बघ माझे!" काका हसता हसता एवढे खोकले की नाकातली नळी निघाली. मी घड्याळ बंद केलं तर दोघंही माझ्यावरच खेकसले. "अजून चाळीस सेकंद आहेत!"

फेरी बाबांची. काकांच्या बहिणीने नळी लावली आणि तिघांनाही झापलं.

११ मार्च

आठवी. झाडून सगळ्या फेऱ्या बाबांच्या! आज जिन्यात गाठलंच त्यांना. म्हटलं, "एखादा ठोसा खाल्लात तर काय बिघडेल? माणूस चाललाय तो!" म्हणाले, "मी खोटं खेळत नाही." आणि चालू लागले. हट्टी म्हातारा! आई असती तर तिने चांगलं फैलावर घेतलं असतं.

१२ मार्च

नववीही त्यांचीच. मी अबोला धरलाय.

१३ मार्च

दहावी. डाव्याचे दोनच ठोसे, तेही धापा टाकत. बाबांची.

नंतर काकांच्या बहिणीबरोबर चादर बदलत होते. ती बोलली. पोस्टरं लागली त्याच आठवड्यात काकांच्या उजव्या ठोशाने दुसऱ्या एका लढतीत एक जण पडला. तो कायमचा अंथरुणाला खिळला. काकांनी बाबांबरोबरची लढत मोडली आणि रिंग सोडली ती सोडलीच. पुढे तो माणूस जाईपर्यंत, अकरा वर्षं, दर रविवारी त्याची दाढी करायला जायचे म्हणे. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं!

बाबांना विचारलं. "माहीत आहे," एवढंच. पुढे जेवणात लक्ष.

१५ मार्च

बारावी. काकांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. बाबांनी खुर्ची खाटेला अगदी चिकटवली. म्हणाले, "हे बघ, हात खाली सोडलेत मी. हनुवटी उघडी आहे. मार."

शेवटी ऐकलं माझं! मी मनात ओरडत होते — मारा काका, मारा!

काका म्हणाले, "हात वर घे, गाढवा."

घड्याळ वाजलं. बाबा तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले. मी गुण लिहिले. बारा फेऱ्या, बाराही बाबांच्या.

१७ मार्च

काका गेले. बाबांनी त्यांची दाढी केली. कुणाला हात लावू दिला नाही. खूप रडले मी. बाबा नाही रडले.

२० मार्च

आज ही पानं परत वाचली. डावा, डावा, परत डावा. बारा फेऱ्यांत काकांनी उजवा एकदाही मारलेला नाही — तोंडानेसुद्धा नाही! तशीच वही घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. म्हणाले, "पहिल्याच फेरीत कळलं होतं मला. डावा खाल्ला असता, तर तो तेवढ्यावरच थांबला असता. एकदा उजवा मारला असता ना गं, तर सुटला असता बिचारा."