धोंडुआत्याच्या फ्लेक्सवर माझा फोटो

वापी, गुरुवार

प्रिय शिल्पाताई,

तुला आणि आईला प्रभूच्या नावाने सलाम.

निडी स्टेशनबाहेरचा धोंडुआत्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून तसाच आहे, हे काल वाडीतल्या गोरखने फोनवर सांगितलं. "लोकं इचारत्यात, गेलं कोण रं? आत्या का तू? पण तुझ्या सांगण्याबिगर हात लावणार नाय," म्हणाला.

ताई, लाजेने मेल्यासारखं झालंय. मातीला येता आलं नाही, म्हणून पेणच्या दुकानात मीच फोटो पाठवले. हात जोडलेला माझा फोटो जरा मोठा घ्या, हेही मीच सांगितलं. जिने भांडून वाडीत नळ आणला आणि जी जन्मभर चर्च झाडून मागच्या बाकावर बसली, तिच्यापेक्षा मी मोठा दिसतो! तिची लेक चिमा काही बोलली का? बोलली नसेल, तेच जास्त लागतं.

इथे मी बरा आहे. दिवसाची शिफ्ट मिळाली. आईचा गुडघा कसा आहे? तिला फ्लेक्सचं सांगू नकोस.

गोरखला आज कळवलंय, शनिवारी तो फ्लेक्स उतरवेल. चिमाला चालत असेल तर तिच्या पडवीवर उलटा टाका, पाणी तरी अडेल.

रविवारी स्मरणाच्या उपासनेत पास्टर मला फोनवरून दोन शब्द बोलायला सांगणार आहेत. तू फोन लाव, पण तो चिमाजवळ ठेव. ती बोलेल, मी ऐकेन.

तुझा भाऊ,
प्रविण