बिट्टीचे नऊ शब्द

४ मार्च, सकाळी ८
बिट्टी अडीच वर्षांची झाली आणि शब्द मोजून नऊ. शेजाऱ्यांची मुलगी तिच्याहून महिन्याने लहान, पण काल जिन्यात मला विचारत होती, काका कुठे चालला. दोषी कोण ते उघड आहे. टॅब. त्यातली गाणी मुलांची वाचा खातात, असा व्हिडिओ काल पाहिला. मग त्याच विषयावरचे आणखी अकरा पाहिले. आजपासून टॅब कपाटावर. वर्षअखेर मुलगी भाषण करील.

५ मार्च
टॅब कपाटावरच आहे, पण हात लावला तर कोमट. दिवसभर घरात फक्त सासूबाई आणि बिट्टी. बायको लॅबमध्ये, मी चष्म्याच्या दुकानात. सासूबाईंचा हात कपाटावर पोचत नाही. स्टूल मात्र जागेवर नव्हतं.
बायको म्हणते, कपाटावर ऊन येतं. आईची वकिली.

७ मार्च
हॉलमध्ये कॅमेरा बसवला, वर कोपऱ्यात. फोनवर सगळं दिसतं, आणि मी दुकानातून फोनवर बोललो की घरात ऐकू येतं. सासूबाईंना सांगितलं, चोरांसाठी आहे. त्यांनी विचारलं, मग त्याचं तोंड दाराकडे का नाही. प्रश्न संशयास्पद.

८ मार्च, दुकानातून
चार तास लक्ष ठेवलं. टॅब नाही. चमचे, डबे, बटाटे. दोघी बटाट्यांशी काहीतरी बोलतात, आवाज नीट येत नाही. एक वाजता सासूबाईंनी काठीने कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकला. म्हणे, कपडे बदलायचे होते. नॅपकिन एकवीस मिनिटं होता. एवढे कपडे त्यांच्याकडे नाहीत.

११ मार्च
एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. तो दारात अडखळला तेव्हा कळलं. मालक म्हणाले, फोन आत ठेव. त्यांना मुलं नाहीत, त्यांना काय कळणार. मी फोन बघत नाही, मुलीला बघतो.

१४ मार्च
आता कॅमेऱ्यातून स्वतः बोलायचं ठरवलं. संवाद वाढला पाहिजे. आज सतरा वेळा बोललो. बिट्टी, तोंडातून काढ. बिट्टी, खाली उतर. तिने मान वर केली आणि हसली. नातं घट्ट होतंय.
घरी आल्यावरही बोलणार होतो, पण दिवसभराचं रेकॉर्डिंग तपासण्यात जेवणाची वेळ झाली. बिट्टी गुडघ्याला लटकली होती. बायकोला म्हटलं, हिला जरा घे, मी हिच्यासाठीच बसलोय.

१९ मार्च
माझ्या यादीत शब्द अजून नऊच. सासूबाई म्हणतात, चाळीस तरी आहेत. पुरावा मागितला. म्हणाल्या, तुम्ही नसता तेव्हा बोलते. मी तर दिवसभर असतो.
स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

२३ मार्च, संध्याकाळी
चौघं गेलो. बिट्टी खेळण्यांसमोर बसली आणि आजीशी बोलत सुटली. थेरपिस्टबाईंनी एक्केचाळीस शब्द मोजले. थोडा उशीर आहे, पण येईल, म्हणाल्या. मी टॅबचा विषय काढला. बायको म्हणाली, टॅब फेब्रुवारीतच बंद पडलाय. तुला सांगितलं होतं, तू फोनमध्ये होतास.
मग बाईंनी बिट्टीला विचारलं, "आजी कुठे?" तिने आजीचा हात धरला. "आई कुठे?" आईकडे बोट. "बाबा कुठे?"
मी हातभर अंतरावर होतो. तिला सोपं जावं म्हणून पुढे वाकलो. तिने मान वर केली आणि छताचे चारही कोपरे शोधले.
"बाबा नाही," ती म्हणाली.
बायकोने बिट्टीला उचलून घेतलं. सासूबाई खेळणी गोळा करू लागल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ मार्च
बाईंनी सांगितलंय, रोज अर्धा तास जमिनीवर, फोन दुसऱ्या खोलीत. यात अवघड काय आहे. कॅमेरा काढून टाकला. सहाला बसलो. काय बोलावं सुचेना. हा कुठला रंग, तो कुठला रंग, असं विचारलं. ती डबे एकावर एक रचत राहिली. सासूबाई आतून म्हणाल्या, परीक्षा घेऊ नका, नुसते बसा. नुसता बसलो. बिट्टीने एक डबा माझ्या गुडघ्यावर ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि हात हलवून म्हणाली, "बाबा, टाटा."
मी कुठेही निघालो नव्हतो.